छापखान्याची परिभाषा आणि पोथीसंग्राहक

जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींस छापखान्याच्या भाषेशीं कांहीं कर्तव्य नाहीं, असा एक समज रूढ आहे. बोरू, दऊत, हरताळ, पुष्पिका हे शब्द आपले. खिळा, फर्मा, प्रूफ हे शब्द बाजाराचे. अशी ही वांटणी. परंतु महाराष्ट्रांत हातानें लिहिण्याची परंपरा आणि छापण्याची विद्या ह्या एक सरल्यावर दुसरी, अशा आलेल्या नाहींत. एकोणिसाव्या शतकाचा बराच मोठा भाग त्या शेजारीं शेजारीं नांदल्या. एकाच घरच्या बस्त्यांत आजोबांच्या हातची पोथी, मुलानें विकत घेतलेली शिळाछाप पोथी आणि नातवानें आणलेली निर्णयसागरी प्रत एकाच फडक्यांत बांधलेली सांपडते. ह्यांतील कोणती प्रत कोणत्या जातीची हें ओळखल्यावांचून तिचा काळ ठरत नाहीं, व काळ ठरल्यावांचून पाठभेदांच्या विचारांत तिला योग्य स्थान देतां येत नाहीं. शिळाछाप पोथीस हस्तलिखित समजणें ही एक चूक. पण तीस 'छापील' म्हणून बाजूस टाकणें ही माझ्या मतें त्याहून मोठी चूक होय. तिचें कारण पुढें यावयाचेंच आहे.

प्रथम एक लहानसें उदाहरण घेऊं. संग्राहकाच्या हातीं मुखपृष्ठ गळालेलें मराठी बायबल आलें, आणि विकणाऱ्यानें तें 'केडगांवच्या छापाचें' आहे एवढेंच सांगितलें, अशी कल्पना करावी. अहमदनगर शहरास (सन २०२४ पासून अहिल्यानगर) लागून, पुण्याच्या रस्त्यावर केडगांव आहे. तें तेथील देवीच्या स्थानामुळें पंचक्रोशींत प्रसिद्ध असून आतां शहराच्या हद्दींतच मोडतें. नगर हें अमेरिकन मराठी मिशनचें १८३१ पासूनचें ठाणें. 'ज्ञानोदय' पत्राचा जन्मही १८४२ सालीं तेथेंच झाला. तेव्हां ख्रिस्ती ग्रंथ, नगर जिल्हा आणि केडगांव ही सांगड मनांत चटकन् बसते, व नोंदवहींत 'केडगांव, जि. नगर' असें लिहून आपण मोकळे होतों. परंतु तो छाप त्या केडगांवचा नव्हे. पुणें-दौंड लोहमार्गावर, पुणें जिल्ह्यांत, दुसरें केडगांव आहे. पंडिता रमाबाईंनीं आपली मुक्तिसंस्था तेथें वसविली. संपूर्ण बायबलाचें त्यांनीं स्वतः केलेलें भाषांतर त्यांच्या निधनानंतर (१९२२) दोन वर्षांनीं, १९२४ सालीं, त्या संस्थेच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचीं कामें संस्थेंतील स्त्रियांनीं केलीं. मिशनऱ्यांच्या मंडळींत चालत आलेलें भाषांतर आणि हें भाषांतर ह्या दोन वेगळ्या कृति आहेत. जिल्ह्याचें नांव चुकलें कीं नुसतें स्थळ चुकत नाहीं, ग्रंथाचें कुळच बदलतें. पोथीच्या पुष्पिकेंत लेखनस्थळ पाहातांना आपण एकाच नांवाचीं चार गांवें तपासून पाहातों. मुद्रणस्थळाच्या बाबतींत तीच दक्षता ठेवावयास पाहिजे.

आतां मूळ शब्दांकडे वळूं. 'मुद्रण' ह्या शब्दाच्या पोटांत 'मुद्रा' आहे हें उघड आहे. राजपत्राच्या शिरोभागीं मुद्रा आणि शेवटीं मोर्तब, ही मराठी दफ्तराची रीति इतिहासाभ्यासकांस सांगावयास नको. मुद्रेनें कागद खरा ठरतो. मुद्रणानें तो अनेक होतो. एकच शब्द प्रामाण्यावरून संख्येकडे असा सरकला आहे. 'छाप' व 'ठसा' हे मात्र पूर्वींपासूनच संख्येचे शब्द. चिटाच्या कापडावर लांकडी ठशानें नक्षी उठविणारा कारागीर आपल्याकडे पुस्तकें छापूं लागण्याच्या फार पूर्वींपासून होता, आणि नवी विद्या आली तेव्हां लोकांनीं तीस त्याच्याच धंद्याचें नांव दिलें. म्हणून लोकांच्या तोंडीं 'छापखाना' राहिला व मुखपृष्ठावर 'मुद्रणालय' आलें.

ह्या संधिकाळाची उत्तम साक्ष म्हणजे मिरजेची गीता. सन १८०५ मध्यें गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून ती छापण्यांत आली. मूळ उद्योग नाना फडणविसांच्या वेळीं पुण्यास सुरू झाला होता असें सांगतात. ह्या कामीं सुटा खिळा एकही नाहीं. सबंध पृष्ठच्या पृष्ठ पत्र्यावर कोरावयाचें, म्हणजे ताम्रपट कोरणाऱ्याचीच विद्या, फक्त अक्षरें उलटीं. अशा छापास 'कोरीव छाप' असें वेगळें नांव द्यावें, खिळ्यांच्या छापांत त्याची गणना करूं नये.

त्याच सुमारास मराठीचे खिळे दोन दूरदूरच्या ठिकाणीं, बंगालमधील श्रीरामपुरास व दक्षिणेंत तंजावरास, जुळविले जात होते. श्रीरामपुरास विल्यम केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें, त्याचा कोश १८१० सालीं मोडीच्या खिळ्यांत निघाला व 'सिंहासनबत्तिशी' १८१४ सालीं. तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यांतून 'बालबोधमुक्तावली' १८०६ सालीं बाहेर पडली. गोव्यांत १५५६ पासून छापखाना होता खरा. पण स्टीफन्सच्या १६१६ च्या पुराणाची मराठी रोमन अक्षरांत छापली गेली, म्हणून प्रस्तुत विषयापुरता तो बाजूस ठेवितों. मोडीच्या खिळ्यांविषयीं मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. छापील मोडी दिसली कीं ती कोणा कारकुनाच्या हातची असावी असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण हातच्या मोडींत बोरू न उचलतां शब्दाचा शब्द एका ओघांत जातो. खिळ्यांच्या मोडींत प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनांत बसलेलें असतें व तें एकच अक्षर पुन्हां आलें तर पूर्वीच्याच वळणाचें येतें.

'खिळा' हा शब्द आपल्या लोकांनीं चांगला निवडला. धातूचा चौकोनी लांबट तुकडा, त्याच्या डोक्यावर उलटें अक्षर. तो तयार होण्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम पोलादी दांड्याच्या टोंकावर कारागीर अक्षर कोरतो. त्यास ठसा किंवा पंच म्हणत. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे अक्षराचा खोल वळसा उमटतो, ती मातृका. मातृका सांच्यांत बसवून वर शिसें, अँटिमनी व कथील ह्यांचा रस ओतला कीं खिळा निघतो. एका मातृकेपासून हजारों खिळे निघतात व ते सर्व एकसारखे असतात. ही एकसारखेपणाची खूण पुढें उपयोगी पडावयाची आहे. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत थॉमस ग्रॅहम व जीवन वल्लभ ह्यांनीं मराठी अक्षरांचें हें काम पुष्कळ पुढें नेलें. आणि जावजी दादाजींनीं १८६४ मध्यें खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला तेव्हां राणोजी रावजी आरू ह्यांच्या कोरणीनें देवनागरी अक्षरास जें वळण मिळालें, तें पुढें कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत 'शुद्ध छापील अक्षर' म्हणून ठसलें.

इंग्रजीस दीडदोनशें जातींचे खिळे पुरतात. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरें मिळून कित्येक शतें लागतात. ही अडचण सोडविण्याच्या दोन तऱ्हा पडल्या व त्यांचीं नांवें जुळाऱ्यांच्या बोलण्यांत 'डिग्री' आणि 'अखंड' अशीं होतीं. डिग्री पद्धतींत एका ओळीचे तीन मजले कल्पिलेले असतात. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्यांत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, व खालच्यांत उकारादि; आणि प्रत्येक मजल्याचे खिळे निराळे. अखंडांत अक्षराचें अंग पूर्ण उंचीचें असतें व चिन्हें त्याच्याशीं लागूनच राहातात. जुनें पुस्तक भिंगाखालीं धरून पाहावें. मात्रा अक्षरापासून किंचित् सुटलेली, किंवा एका ओळींतील सर्वच मात्रा थोड्या डावीकडे सरकलेल्या दिसल्या, तर ती डिग्री जुळणी होय. लो. टिळकांनींही ह्या प्रश्नांत पुष्कळ लक्ष घातलें होतें व खिळ्यांची संख्या दोनशेंच्या आंत आणण्याची खटपट केली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आतां शिळाछाप. इकडे मुद्दाम जास्त जागा देतों, कारण पोथीसंग्राहकाचा खरा संबंध ह्याच विद्येशीं आहे. आलॉइस झेनेफेल्डर ह्या बव्हेरियांतील गृहस्थानें अठराव्या शतकाच्या अगदीं अखेरीस ही युक्ति शोधून काढली. तेल व पाणी एकत्र नांदत नाहींत, एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. विशिष्ट जातीचा चुनखडी दगड घोटून गुळगुळीत करावयाचा, त्यावर स्निग्ध शाईनें लिहावयाचें, मग दगड ओला करावयाचा. लिहिलेल्या भागावर पाणी ठरत नाहीं. उरलेल्या भागावर ठरतें. वरून तेलकट शाईचा रूळ फिरविला म्हणजे शाई लेखास धरते व ओल्या दगडास धरत नाहीं. कागद घालून दाब दिला कीं प्रत निघाली. दगडावर थेट लिहावयाचें तर अक्षरें उलटीं काढावीं लागतात. म्हणून बहुधा लेखक खळ लावलेल्या कागदावर सरळ लिही, आणि तो कागद दगडावर दाबून लेख त्यावर उतरवून घेत.

ह्या सर्व खटपटींत खिळा नाहीं, मातृका नाहीं, जुळारी नाहीं. आहे तो लेखक. ज्याचें अक्षर चांगलें, ज्यानें आयुष्यभर पोथ्या लिहिल्या, तोच ब्राह्मण किंवा कारकून छापखान्यांत बसून तीच पोथी शाई बदलून लिहूं लागला. आंखणी तीच, समास तोच, आडव्या पत्राचा आकार तोच, दुहेरी तांबड्या रेघांऐवजीं काळ्या रेघा एवढाच फरक. पत्राच्या पाठच्या बाजूस डाव्या समासांत ग्रंथाचें संक्षिप्त नांव व उजव्या समासांत खालीं पत्रांक, हीही लेखकाची जुनी रीति तशीच राहिली. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं स्वतः यंत्र व शाई तयार करून १८३१ मध्यें शके १७५३ चें पंचांग शिळेवर छापलें. हातच्या पंचांगाची संवय असलेल्या जोशीमंडळींस तें पाहून काय वाटलें असेल! शाईंत चरबी असते ह्या शंकेनें धर्मनिष्ठ लोक छापील पोथीस शिवत नसत, म्हणून गणपत कृष्णाजींनीं चरबीच्या जागीं तूप घातलें, अशी गोष्ट सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, नवी विद्या जुन्या घरांत कशा बेतानें शिरली तें तिच्यावरून दिसतें. पुढें बाळशास्त्री जांभेकरांनीं संपादिलेली ज्ञानेश्वरी १८४५ मध्यें छापली गेली तीही शिळेवरच.

मग शिळाछाप आणि हस्तलिखित ह्यांतील भेद कसा ओळखावा? बोरूनें लिहितांना शाई भरून घेतल्यावरचीं अक्षरें गडद व पुढें पुढें फिकट होत जातात, पुन्हां एकदम गडद. हा चढउतार हातच्या पोथींत सहा-आठ अक्षरांमागें दिसतो. शिळाछापांत शाई सर्वत्र रुळानें लागलेली असल्यामुळें हा क्रम मोडतो. हातच्या शाईंत काजळ व डिंक, शिळेच्या शाईंत काजळ व शिजविलेलें जवसाचें तेल. त्यामुळें जुन्या शिळाछापांत अक्षरांच्या कडेस तेलाची पुसट पिवळसर झांक कित्येकदां दिसते. ओल्या बोटानें शाई चोळून पाहाण्याची पद्धति कांहीं जणांची आहे. तिनें हातची पोथी मात्र बिघडते, म्हणून ती वर्ज्य करावी. खिळ्यांच्या छापापासून शिळाछाप वेगळा काढणें त्याहून सोपें आहे. पत्र तिरपें धरून पाठीवरून बोट फिरवावें. खिळ्यांचा छाप कागदास रुततो व पाठीमागें बारीक उंचवटे लागतात. शिळेवर सर्व सपाट, म्हणून पाठ गुळगुळीत. आणखी, एका पृष्ठावरील पांच 'क' ताडून पाहावे. पांचही सारखे असले तर खिळा, पांचही थोडेथोडे वेगळे असले तर हात किंवा शिळा.

आतां पूर्वीं सूचित केलेलें कारण. शिळेवरील एक काम संपलें कीं ती वाळू व पाणी घालून घांसून साफ करीत व पुढच्या कामास घेत. खिळ्यांचीं पृष्ठें जशीं बांधून ठेवतां येतात, किंवा स्टिरिओ म्हणजे अखंड पृष्ठाचा ओतीव पत्रा करून जसा जपतां येतो, तसा शिळेवरील लेख सहसा जपत नसत. दगड महाग, व जड. अर्थात् त्याच पोथीची दुसरी 'आवृत्ति' काढावयाची तर लेखकानें ती पुन्हां सबंध लिहिली पाहिजे. म्हणजे शिळाछापाची प्रत्येक नवी आवृत्ति ही एक नवी नक्कल आहे. तिच्यांत गळलेली ओळ, दोनदां लिहिलेला चरण, समासांतील टीप मूळांत शिरणें, हे सर्व लेखकाचे दोष नव्यानें येऊं शकतात, आणि तिच्यापुढें ठेवलेली मूळ प्रत पहिल्या आवृत्तीहून वेगळी असूं शकते. खिळ्यांच्या छापाची दुसरी आवृत्ति पाठनिर्णयास बहुधा निरुपयोगी. शिळेची तशी म्हणतां येत नाहीं. ज्या घरगुती पोथीवरून ती उतरली ती पुढें वाळवीनें खाल्ली असेल, तर त्या पाठाची राहिलेली साक्ष हीच. कांहीं शिळाछापांच्या अखेरीस लेखकाचें नांवही असतें. तें मुद्रकाचें नांव समजून सोडूं नये; जुन्या अर्थानें तो पोथीचा लेखकच होय.

उलट दिशेचाही एक प्रकार संभवतो. छापील पुस्तक विकत घेणें ज्यास परवडत नसे तो तें मागून आणून हातानें उतरून घेई. अशी पोथी कागदानें, शाईनें, वळणानें निःसंशय हस्तलिखित. पण तिचें मूळ छापील. तिच्यांतील विरामचिन्हें, पदें तोडण्याची रीति किंवा मुखपृष्ठाच्या थाटाची पहिली ओळ ह्यांवरून संशय घ्यावा. इंग्रजी धर्तीचा स्वल्पविराम एकोणिसाव्या शतकापूर्वींच्या पोथींत येण्याचें कारण नाहीं.

ताव, दस्ता, फर्मा, पेजी ह्या शब्दांत मोजमापाचा घोटाळा आहे. चोवीस तावांचा दस्ता, वीस दस्त्यांचें रीम. कागदी लोकांचा हिशेब येथपर्यंत सरळ. फर्मा म्हणजे लोखंडी चौकटींत आवळून एका वेळीं यंत्रावर चढविलेलीं पृष्ठें. जुन्या जाहिरातींत 'डेमी आठपेजी', 'डबल क्राऊन सोळापेजी' असें असतें, त्यांतील आंकडा तावाच्या एका बाजूवर बसणाऱ्या पृष्ठांचा. डबल क्राऊन ताव वीस इंच बाय तीस इंच. एका बाजूस सोळा पृष्ठें बसलीं तर घडी घालून पुस्तक साडेसात इंच बाय पांच इंचांचें होतें, व सबंध तावाचीं सोळा पानें, बत्तीस पृष्ठें पडतात. येथें 'पान' हा शब्द घात करतो. पोथीवाला पत्र मोजतो. पत्राला दोन बाजू असून आंकडा एकच, तोही पाठीवर. छापखाना पृष्ठें मोजतो. सामान्य माणूस दोहोंसही 'पान' म्हणतो. एकशेंवीस पत्रांची पोथी म्हणजे दोनशें चाळीस पृष्ठें; यादींत 'पानें १२०' असें वाचून अर्धा ग्रंथ गहाळ झाला असें समजण्याचे प्रसंग येऊं शकतात. यादींत नेहमीं 'पत्रें' किंवा 'पृष्ठें' असेंच लिहावें.

फर्म्यावरून आणखीही कळतें. पूर्वींच्या छापखान्यांत खिळ्यांचा सांठा बेताचा असे. दोनतीन फर्मे जुळवावे, छापावे, खिळे पुन्हां आपापल्या घरांत टाकावे, आणि पुढचे फर्मे जुळवावे, असें काम चाले. ग्रंथकारास शेवटच्या फर्म्यापर्यंत पहिल्यांतील चूक सुधारण्याची सोय नसे. शुद्धिपत्र शेवटीं येतें तें ह्यामुळें. तें ग्रंथकाराच्या आळसाचें लक्षण नव्हे. छापतां छापतां चूक ध्यानांत आली तर यंत्र थांबवून खिळा बदलीत, व आधीं निघालेले तावही टाकून देत नसत. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत एखादें अक्षर वेगळें आढळलें तर लगेच 'दुसरी आवृत्ति' असा निष्कर्ष काढूं नये. त्याच न्यायानें मोडका खिळा हा संशोधकाचा मित्र आहे. वेलांटीचें टोंक तुटलेला एखादा 'कि' चार फर्म्यांत पुन्हां पुन्हां दिसला आणि तोच दुसऱ्या एका निनांवी पुस्तकांतही दिसला, तर दोन्ही एकाच छापखान्याचीं असण्याचा संभव बळावतो.

प्रूफ तपासण्यास 'मुद्रितशोधन' हा शब्द रूढ झाला. पण त्याचीं हत्यारें लेखकांचींच आहेत. गळलेलें अक्षर घालावयाच्या जागीं खालून काढतात ती खूण म्हणजे पोथींतील हंसपादच. समासांत दुरुस्ती लिहावयाची रीति तीच. एक हरताळ मात्र मागें राहिली. नको तें अक्षर पोथीवाला पिवळ्या हरताळेनें झांकी, मुद्रितशोधक त्यावर रेघ ओढून समासांत खुणेची गांठ काढतो. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार मात्र ज्यांनीं हरताळ कधीं पाहिली नाहीं त्यांच्याही तोंडीं आहे.

काल ठरविण्याच्या कामीं कायद्याचाही थोडा उपयोग होतो. १८६७ सालच्या पंचविसाव्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचें नांव व मुद्रणस्थळ देणें आवश्यक झालें. (तो कायदा १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्यानें रद्द झाला.) तत्पूर्वींच्या पुस्तकांवर ही ओळ असेच असें नाहीं, त्यानंतरच्या पुस्तकावर ती नसेल तर पान गळालें किंवा काढलें गेलें असें धरून चालावें. चित्रांवरूनही अंदाज बांधतां येतो. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची व रविवर्म्याचा छापखाना १८९४ चा. दोन्हींच्या रंगीत चित्रांत प्रत्येक रंगास निराळी शिळा लागे, व रंग एकमेकांवर नेमके न बसल्यास कडेस दुहेरी रेघ दिसे. हाफटोन ठशांत भिंगाखालीं ठिपक्यांची जाळी दिसते. ती जाळी १८८० पूर्वींच्या पोथींत दिसली तर चित्र मागाहून चिकटविलेलें आहे.

खिळे जाऊन आतां बराच काळ लोटला. ऑफसेट व संगणक आल्यावर जुळाऱ्याचीं घरें रिकामीं झालीं. तरी मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानामागें 'अक्षरजुळणी' ही ओळ अद्याप छापतात. जुळवावयास हातांत कांहीं नाहीं, पण शब्द राहिला. बंद पडलेल्या जुन्या छापखान्यांच्या सामानांत मात्र शोधण्यासारखें अजूनही असेल. खिळे बहुधा वजनावर विकले जाऊन वितळले असतील. दगड वितळत नाहीं. एखाद्या वाड्याच्या अंगणांत करड्या-पिवळ्या रंगाची, एका बाजूनें आरशासारखी घोटलेली जाड फरशी आढळली तर ती तशीच उचलून ठेवावी. साबण, आम्ल किंवा वाळू तिला लावूं नये. नुसत्या पाण्यानें हलकेंच ओली करून कवडशांत तिरपी धरावी. शेवटचें काम घांसून काढलेलें नसेल तर उलटीं अक्षरें पुसट दिसूं लागतात, आणि आरसा समोर धरला म्हणजे तीं वाचतां येतात.